'कुकर लाव' आणि संगणकाचा मॅक्रो

संध्याकाळी आई ताईला सांगते, "कुकर लाव गं." शब्द दोनच, पण ते कानावर पडताच ताई किती कामे करते ते मोजून पाहा. ती तांदूळ मोजून घेते, धुते, त्यात पाणी घालते. डाळ धुऊन दुसऱ्या भांड्यात ठेवते. कुकरच्या तळाशी पाणी ओतते, भांडी एकावर एक रचते, झाकण लावते, गॅस पेटवते, वाफ येऊ लागली की शिटी बसवते आणि तीन शिट्या झाल्या की गॅस बंद करते. ही दहा-बारा कामे आईला रोज एक-एक करून सांगावी लागत नाहीत. ती सारी एका लहानशा वाक्यात गुंडाळलेली आहेत.

संगणकालाही अशी 'कुकर लाव' आज्ञा देता येते. तिला मॅक्रो म्हणतात. 'मॅक्रोस' या ग्रीक शब्दाचा अर्थ लांब किंवा मोठा. एका छोट्या नावामागे आज्ञांची लांबलचक मालिका उभी असते, म्हणून हे नाव. आज आपण एका नेहमीच्या कामासाठी मॅक्रो कसा वापरतात ते पाहू. काम साधे आहे: एका तक्त्यातील माहिती उचलून दुसऱ्या तक्त्यात ठेवायची. पण या साध्या कामात किती मोठी चूक लपून बसू शकते, हेही आपल्याला पाहायचे आहे.

वही, पान आणि घर

संगणकावरील तक्त्याला स्प्रेडशीट म्हणतात. तिची कल्पना सुचली ती एका फळ्यावरून. अमेरिकेतील हार्वर्ड बिझनेस स्कूलमध्ये १९७८ साली डॅन ब्रिकलिन नावाचा विद्यार्थी शिकत होता. प्राध्यापक फळ्यावर आकड्यांचा मोठा तक्ता मांडत. त्यातला एक आकडा बदलला की त्यावर अवलंबून असलेले पुढचे सगळे आकडे पुसून पुन्हा मांडावे लागत. हे काम फळ्यानेच आपले आपण केले तर? ब्रिकलिन आणि त्याचा मित्र बॉब फ्रँकस्टन यांनी तसा फळा तयार केला. १९७९ साली तो 'व्हिजिकॅल्क' या नावाने बाजारात आला. त्यात ६३ स्तंभ आणि २५४ ओळी होत्या.

पुढे १९८३ मध्ये 'लोटस १-२-३' आणि १९८५ मध्ये 'एक्सेल' आले. आज एक्सेलबरोबरच 'लिबर ऑफिस कॅल्क' हा विनामूल्य मिळणारा कार्यक्रमही पुष्कळ जण वापरतात. या सर्वांची रचना सारखीच असते. संगणकातील एक फाइल म्हणजे एक वही समजा. वहीत अनेक पाने असतात. त्यांना शीट म्हणतात. प्रत्येक पानावर बुद्धिबळाच्या पटासारखी घरे आखलेली असतात. उभ्या स्तंभांना ए, बी, सी अशी अक्षरे आणि आडव्या ओळींना १, २, ३ असे आकडे दिलेले असतात. तेव्हा 'सी' स्तंभातील पाचव्या ओळीच्या घराचा पत्ता झाला 'सी ५'. असा पत्ता सांगितला की संगणकाला नेमके घर सापडते.

तीन तुकड्या, एक निकालपत्रक

समजा, एका शाळेत आठवीच्या अ, ब आणि क अशा तीन तुकड्या आहेत. वार्षिक परीक्षा झाली. प्रत्येक वर्गशिक्षकाने आपापल्या तुकडीचे गुण एकेका पानावर भरले. पहिल्या ओळीत मथळे आहेत: हजेरी क्रमांक, नाव, पाच विषय आणि शेवटी एकूण. म्हणजे ए पासून एच पर्यंत आठ स्तंभ झाले. दुसऱ्या ओळीपासून मुलांची नावे सुरू होतात. आता मुख्याध्यापकांना तिन्ही तुकड्यांचे मिळून एकच निकालपत्रक हवे आहे. त्यासाठी 'एकत्र' नावाचे चौथे पान उघडले आहे.

अ तुकडीत ४२ मुले आहेत, ब मध्ये ४० आणि क मध्ये ४४. हाताने करायचे तर अ च्या पानावर जाऊन दुसऱ्या ओळीपासून ४३ व्या ओळीपर्यंतचा भाग निवडायचा, त्याची नक्कल घ्यायची आणि 'एकत्र' पानावर दुसऱ्या ओळीपासून ठेवायची. मग ब ची मुले ४४ व्या ओळीपासून ८३ व्या ओळीपर्यंत बसतील आणि क ची ८४ पासून १२७ पर्यंत. एकूण १२६ मुले. काम पाच मिनिटांचे आहे. पण घटक चाचणी, सहामाही, वार्षिक असे वर्षभर आणि प्रत्येक इयत्तेसाठी ते करायचे म्हटले की कंटाळा येतो. कंटाळलेला माणूस एखादी ओळ विसरतो, एखादी दोनदा ठेवतो. संगणकाला मात्र कंटाळा येत नाही. तेव्हा हे काम त्याच्यावरच सोपवलेले बरे.

संगणक पाहतो आणि लिहून ठेवतो

मॅक्रो तयार करण्याच्या दोन रीती आहेत. पहिली रीत फार सोपी. एक्सेलमध्ये 'मॅक्रो नोंदवा' अशा अर्थाची एक सोय असते. ती सुरू करायची, नोंदीला नाव द्यायचे आणि नेहमीप्रमाणे काम करायचे. तुम्ही कोणते पान उघडले, कोणती घरे निवडली, काय केले, हे सारे संगणक लिहून ठेवतो. काम संपले की नोंद थांबवायची. पुढच्या वेळी ते नाव निवडले की सगळे काम तुमच्या डोळ्यांदेखत काही क्षणांत होते.

जुन्या लोटस १-२-३ मध्ये तर ही यादी तक्त्याच्याच घरांत लिहीत असत, आणि तीसुद्धा कळफलकावरील खुणांनी! तिरकी रेघ म्हणजे 'आज्ञांची यादी उघड', त्यापुढे सी हे अक्षर म्हणजे 'नक्कल कर' आणि नागमोडी खूण म्हणजे 'एंटर दाब'. माणसाने ज्या कळा दाबल्या असत्या, त्याच कळा संगणक आपल्या आपण दाबत असे. १९९३ साली एक्सेलच्या पाचव्या आवृत्तीत बेसिक भाषेवर आधारलेली एक संपूर्ण आज्ञाभाषा आली.

आपल्या शाळेचे काम नोंदवलेल्या मॅक्रोने झाले. १२६ मुलांचे निकालपत्रक तयार! सर्वांना आनंद झाला. आता पुढच्या वर्षी काय होते ते पाहू.

तीन मुले कुठे गेली?

पुढच्या वर्षी अ तुकडीत ४५ मुले आली. त्यांची नावे दुसऱ्या ओळीपासून ४६ व्या ओळीपर्यंत भरली गेली. कोणीतरी मॅक्रो चालवला. संगणकाने गेल्या वर्षीची नोंद काढली आणि अ च्या पानावरून दुसऱ्या ते ४३ व्या ओळीची नक्कल घेतली. ४४, ४५ आणि ४६ या ओळींतील मुले तिथेच राहिली! संगणक थांबला नाही, कुरकुरला नाही, त्याने कसलीही सूचना दिली नाही. निकालपत्रक छान आखीव-रेखीव दिसत होते. फक्त त्यात तीन मुले नव्हती.

दोष कोणाचा? संगणकाला आपण 'सगळी मुले घे' असे सांगितलेच नव्हते. आपण सांगितले होते, 'दुसरी ते ४३ वी ओळ घे'. पुन्हा कुकरची गोष्ट आठवा. ताईला कोणी 'दोन वाट्या तांदूळ घे' असे शिकवले असेल आणि घरी चार पाहुणे आले, तर भात कमी पडणारच. पण 'माणशी अर्धी वाटी घे' असे शिकवले असेल, तर पाहुणे कितीही येवोत, भात पुरेल. पहिल्या आज्ञेत ठरावीक आकडा आहे; दुसऱ्या आज्ञेत आकडा काढण्याची रीत आहे. चांगल्या मॅक्रोत रीत सांगितलेली असते.

कोणी म्हणेल, "त्यात काय? ४३ च्या जागी ४६ लिहिले की झाले." करून पाहा. आता अ ची मुले 'एकत्र' पानावर दुसऱ्या ओळीपासून ४६ व्या ओळीपर्यंत बसतील. पण ब ची मुले ठेवण्याची जागा मॅक्रोत ४४ वी ओळ अशीच लिहिलेली आहे. म्हणून ब ची पहिली तीन मुले अ च्या शेवटच्या तीन मुलांवर जाऊन बसतील आणि खालची नावे पुसली जातील. तीच तीन मुले पुन्हा हरवली! एक ठरावीक आकडा बदलला की त्याच्यावर विसंबलेले दुसरे आकडेही बदलावे लागतात, आणि नेमका त्यातला एक विसरतो.

शेवटची ओळ कशी शोधायची?

म्हणून दुसरी रीत: आज्ञा स्वतः विचार करून लिहायच्या. त्यासाठी संगणकाला 'शेवटचे भरलेले घर' शोधायला शिकवावे लागते. हे दोन प्रकारे करता येते. वरून खाली उतरत जायचे आणि रिकामे घर लागले की थांबायचे. किंवा पानाच्या अगदी तळाशी जायचे आणि तिथून वर चढत जाऊन पहिले भरलेले घर लागले की थांबायचे.

यांतला कोणता प्रकार चांगला? समजा, मध्येच एखाद्या मुलाचा हजेरी क्रमांक लिहायचा राहून गेला. वरून उतरणारा संगणक त्या रिकाम्या घरापाशी थांबेल आणि 'येथे यादी संपली' असे समजेल. खालची सगळी मुले वगळली जातील. खालून चढणाऱ्याला मधले रिकामे घर फसवू शकत नाही. म्हणून जाणकार लोक बहुधा खालून वर जातात. अर्थात त्यालाही फसवता येते. बाईंनी यादीच्या खाली त्याच स्तंभात 'तपासले' असा शेरा लिहिला, तर 'तपासले' नावाचा एक विद्यार्थी निकालपत्रकात दाखल होईल!

आता आपला मॅक्रो सरळ मराठीत लिहू:

१. 'एकत्र' पानावर मथळ्याची ओळ सोडून बाकी सारे पुसून टाक.

२. अ, ब आणि क यांतल्या प्रत्येक पानासाठी पुढच्या तीन आज्ञा पाळ.

३. त्या पानाच्या ए स्तंभात तळापासून वर जा. पहिले भरलेले घर ज्या ओळीत लागेल, तिचा क्रमांक ध्यानात ठेव.

४. 'एकत्र' पानावरही तसेच कर. जी ओळ सापडेल तिच्या पुढची ओळ ही ठेवण्याची जागा.

५. दुसऱ्या ओळीपासून ध्यानात ठेवलेल्या ओळीपर्यंत, ए पासून एच पर्यंतची मूल्ये उचल आणि त्या जागेपासून ठेव.

६. 'एकत्र' पानावरील मुले मोज आणि तो आकडा दाखव.

पाचव्या आज्ञेत 'मूल्ये' हा शब्द मुद्दाम वापरला आहे. एच स्तंभात एकूण गुण दिसतात खरे, पण त्या घरात प्रत्यक्षात आकडा नसतो. 'माझ्या डावीकडच्या पाच घरांची बेरीज' असे सूत्र तिथे लिहिलेले असते. सूत्राचीच नक्कल करून ती भलत्या स्तंभात ठेवली, तर ते तिथेही आपल्या डावीकडची पाच घरे शोधते आणि भलतीच बेरीज दाखवते. तेव्हा सूत्र न नेता त्याचे उत्तर न्यायचे.

आणखी एक युक्ती. मूल्ये एक-एक घर करून न्यायची नाहीत. सगळा चौकोन एकदम उचलायचा. गवंड्याच्या हाताखालचा माणूस एकेक वीट हातात घेऊन जिना चढत नाही, घमेले भरून नेतो. काही मुलांच्या यादीत फरक जाणवणार नाही. पण हजारो ओळी असल्या की पानावर वारंवार जाण्या-येण्यातच संगणकाचा वेळ जातो.

पंधरा हजार आठशे एक्केचाळीस

शाळेच्या निकालपत्रकातली चूक दुसऱ्या दिवशी कळते. ज्याचे नाव नाही तो मुलगाच येऊन विचारतो. पण सगळीकडे असे होत नाही.

२०२० सालच्या शरद ऋतूत इंग्लंडमध्ये करोनाची साथ पुन्हा वाढत होती. प्रयोगशाळांतून तपासणीचे निकाल साध्या मजकुराच्या फाइलींतून येत. तेथील सार्वजनिक आरोग्य संस्थेने ते स्वयंचलित रीतीने एक्सेलच्या तक्त्यांत भरून पुढे पाठवण्याची सोय केली होती. पण हे तक्ते एक्सेलच्या जुन्या प्रकारच्या फाइलींत होते. त्या प्रकारच्या एका पानावर ६५,५३६ ओळींपेक्षा जास्त ओळी मावत नाहीत. एका रुग्णाच्या माहितीला अनेक ओळी लागत, त्यामुळे एका तक्त्यात सुमारे १,४०० रुग्णच बसत. साथ वाढली, ओळी वाढल्या, पान भरले. आणि पुढचे रुग्ण गळून पडू लागले.

२ ऑक्टोबरच्या रात्री हा घोटाळा ध्यानात आला. २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर या काळातील १५,८४१ बाधितांची नोंद रोजच्या आकड्यांत आलीच नव्हती. त्या लोकांना आपल्या तपासणीचा निकाल कळला होता. पण त्यांच्या सहवासात कोण कोण आले हे शोधून त्यांना सावध करणाऱ्या कर्मचाऱ्यांपर्यंत ती नावे वेळेवर पोहोचली नाहीत. साथीच्या रोगात एकेक दिवस मोलाचा असतो. आपल्या तीन मुलांची गोष्टच येथे घडली, फक्त फार मोठ्या प्रमाणावर.

६५,५३६ हा विचित्र आकडा आला कुठून? संगणक सगळे आकडे शून्य आणि एक या दोनच अंकांनी लिहितो. ओळीचा क्रमांक लिहायला असे १६ अंक राखून ठेवले, तर २ चा सोळावा घात, म्हणजे ६५,५३६ वेगवेगळे क्रमांक लिहिता येतात. त्यापुढे क्रमांकच उरत नाही. स्वतः गुणाकार करून पडताळून पाहा. २००७ सालच्या एक्सेलपासून ही मर्यादा २ चा विसावा घात, म्हणजे १०,४८,५७६ झाली. पान मोठे झाले. पण त्यालाही शेवट आहेच.

मोजून घ्या

मग उपाय कोणता? तो आपल्या आज्जीलाही ठाऊक आहे. सहलीहून परतताना बाई बसमध्ये चढलेली मुले मोजतात. निघताना ४५, परततानाही ४५ हवीत. माहिती एका पानावरून दुसऱ्या पानावर नेतानाही हेच करायचे. निघाले किती आणि पोहोचले किती? आपल्या मॅक्रोची सहावी आज्ञा त्यासाठीच आहे. मात्र तिने दाखवलेला आकडा त्याच तीन पानांशी ताडून पाहिला, तर पानावरच न लिहिलेला मुलगा सापडणार नाही. तो ताडून पाहायचा शाळेच्या हजेरीपटावरील पटसंख्येशी. तपासणी नेहमी वेगळ्या वाटेने आलेल्या आकड्याशी करावी.

दोन गोष्टी आणखी ध्यानात ठेवा. एक्सेलमध्ये मॅक्रोने केलेले काम 'मागे घ्या' ही कळ दाबून सहसा परत फिरवता येत नाही. म्हणून मॅक्रो चालवण्यापूर्वी फाइलची एक नक्कल वेगळी ठेवावी. दुसरे असे की मॅक्रो आज्ञाधारक असतो. वाईट माणसाने लिहिलेल्या आज्ञाही तो तितक्याच निष्ठेने पाळतो. १९९९ साली 'मेलिसा' नावाचा विषाणू वर्ड या कार्यक्रमातील मॅक्रोच्या रूपाने जगभर पसरला. ती फाइल उघडणाऱ्याच्या पत्त्यांच्या यादीतील पहिल्या पन्नास जणांना तो आपणहून ई-मेल पाठवी. २०२२ पासून मायक्रोसॉफ्टने इंटरनेटवरून आलेल्या फाइलींतील मॅक्रो मुळातच अडवून ठेवण्यास सुरुवात केली. अनोळखी माणसाने दिलेला खाऊ आपण खात नाही. तसाच अनोळखी फाइलीतील मॅक्रो चालू करू नये.

करून पाहा

हा खेळ संगणकाशिवाय खेळता येतो. चार कागदांवर चौकटी आखा. तीन कागदांवर मित्रमैत्रिणींची नावे निरनिराळ्या संख्येने लिहा. चौथा 'एकत्र' म्हणून मथळा लिहून कोरा ठेवा. एका मित्राला संगणक करा. त्याने तुमच्या आज्ञा अक्षरशः पाळायच्या. स्वतःची अक्कल मुळीच चालवायची नाही. वरच्या सहा आज्ञा त्याला एक-एक करून वाचून दाखवा.

आता एका कागदावरची सगळी नावे पुसा, फक्त मथळा ठेवा, आणि खेळ पुन्हा खेळा. त्या कागदावर 'शेवटची भरलेली ओळ' कोणती सापडते? पहिली! मग 'दुसऱ्या ओळीपासून पहिल्या ओळीपर्यंत उचल' या आज्ञेचे तुमचा मित्र काय करील? खरा एक्सेल अशा वेळी तक्रार करीत नाही. तो दोन्ही ओळी उचलतो, आणि मथळा मुलांच्या यादीत येऊन बसतो.

ही चूक टळावी म्हणून तिसऱ्या आणि पाचव्या आज्ञांच्या मध्ये 'जर' ने सुरू होणारी एक आज्ञा घालावी लागेल. ती कोणती, ते तुम्हीच शोधा. आणि मित्राकडून पाळून घेऊन खरी ठरते का ते पाहा.